अकरा माणसांचं बोरतळ

"अकरा?" हरिओमनं नकाशावर बोट आपटलं. "अकरा माणसं तर आमच्या एकट्या घरात हाईत. म्हशी न धरता."

"आणि म्हशी धरल्या तर?" मुकुलनं विचारलं. मुकुल दहा वर्षांचा होता आणि त्याला कुठल्याही गोष्टीचा पुरता आकडा लागायचा.

"मुकुल, म्हशींना दवाखान्याची गाडी लागत नाही," त्याची मोठी बहीण स्वरदा म्हणाली. "तू जरा थांब."

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. सकाळचे दहा वाजले नव्हते तोच बोरतळ ग्रामपंचायतीची भिंत हात लावू देत नव्हती. फिरत्या दवाखान्याची गाडी दर मंगळवारी गावात येते, तशी आजही येऊन गेली होती. जाताना ड्रायव्हरनं भिंतीवर एक भलामोठा रंगीत नकाशा चिकटवला. वर ठळक लिहिलं होतं, 'जूनपासून गाडीचा नवा मार्ग'. खाली गंगाखेडच्या बाजूची सगळी गावं गोलांनी दाखवली होती. जिथं माणसं जास्त, तिथं गोल मोठा. दुकानं आणि धंद्यांसाठी लाल चौकोन. आजूबाजूच्या गावांचे गोल पुरीसारखे फुगलेले, आणि बोरतळच्या जागी मोहरीएवढा ठिपका. शेजारी बारीक अक्षरांत लोकसंख्या ११, व्यवसाय ०. गाडीच्या मार्गाची निळी रेघ फाट्यापर्यंत येत होती आणि बोरतळकडे न वळता सरळ पुढं निघून जात होती.

"म्हणजे गाडी बंद," हरिओम म्हणाला, आणि मग त्यानं वैष्णवीकडे पाहिलं.

वैष्णवी तेरा वर्षांची, हरिओमच्या वर्गातली, त्याच्या शेजारच्याच घरातली. स्वरदा आणि मुकुल तिच्या आत्याची मुलं, सुट्टीला परभणीहून आलेली. नऊ वर्षांची असताना वैष्णवीला सांधे सुजवणारा ताप आला आणि तो हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी तिला एक इंजेक्शन घ्यावं लागतं. ते चुकलं की ताप परत येऊ शकतो आणि झडप आणखी बिघडते. मागच्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, गाडी दोनदा आली नाही. मग वैष्णवी अकरा दिवस परभणीला खाटेवर होती, बसल्या बसल्या धापा टाकत. तालुक्यातले दोन खाजगी डॉक्टर तर ते इंजेक्शन टोचायलाच तयार नव्हते. 'रिअ‍ॅक्शन आली तर जिम्मा कुणाचा?' असं म्हणाले. गाडीतल्या डॉक्टरीणबाई मात्र न कुरकुरता द्यायच्या. गाडी गेली की इंजेक्शन गेलं, एवढं साधं होतं ते.

कुणी दया दाखवली की वैष्णवीला भयंकर राग यायचा. आत्ताही हरिओमची नजर तिला आवडली नाही.

"माझ्याकडं काय बघायलास?" ती म्हणाली. "नकाशाकडं बघ. चारशे माणसं कुठं गेली ते शोध."

नकाशाच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा कोड होता. स्वरदाकडे आईचा जुना फोन होता. तिनं तो कोडावर धरला आणि तोच नकाशा फोनवर उघडला. बोटांनी मोठा केल्यावर बोरतळचा ठिपका फुटला आणि त्यातून घराघराचे ठिपके निघाले. एकेकाला हात लावला की त्याची माहिती दिसायची.

"घर क्रमांक चौदा," स्वरदा वाचू लागली. "बंद. कुटुंब स्थलांतरित. एकोणीस डिसेंबर, अकरा वाजून चार मिनिटं. घर क्रमांक पंधरा. बंद. कुटुंब स्थलांतरित. अकरा वाजून चार मिनिटं."

"एका मिनिटात दोन घरं?" मुकुल म्हणाला. त्यानं फोन ओढून घेतला आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत वेळा पाहिल्या. "शहाण्णव घरं. एकेचाळीस मिनिटं. त्र्याण्णव बंद, तीन उघडी. तीन घरांत मिळून अकरा माणसं."

"डिसेंबरात गाव कुठं गेलतं?" हरिओमनं डोकं खाजवलं. "ऊसतोडीला जातेत ती चार घरं. बाकीची तर हितंच हुती."

"जी तीन घरं उघडी होती, तिथंच विचारू," स्वरदा म्हणाली.

पहिलं उघडं घर कमलबाईंचं निघालं. कमलबाईंच्या पडवीत पिठाची गिरणी होती. बाहेर पाटी नव्हती, कारण बोरतळात गिरणी कुठं आहे हे माहीत नसलेला माणूस जन्माला यायचा होता. पिठानं त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"मावशी, एकोणीस डिसेंबरला तुमी घरी कामून हुता?" वैष्णवीनं विचारलं.

"डिसेंबर-फिसेंबर मला न्हाई समजत, बाई. काय झालतं त्या दिवशी, ते सांग."

"गाव बंद होतं, तुम्ही तेवढ्या घरात," स्वरदा म्हणाली.

"अगं, मंग ती येळवस," कमलबाई लगेच म्हणाल्या. "माझा पाय प्लास्टरात हुता. समदे रानात गेले, मला भज्जीचा डबा घरी आणून दिला. आन् तवाच एक पोरगा आलता, पाठीला पिशवी. पाणी मागितलं. म्हणला, मावशी, गावात माणसं न्हाईत का? मी म्हणलं, रानात गेलीत सगळी. त्यानं लिहून घेतलं. मला वाटलं, किती हुशार लेकरू हाय, समदं लिहून घ्यायलंय."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला या भागातली माणसं घरांना कुलपं लावून शेतात जातात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, उभारतात, पूजा करतात, कोवळ्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातल्या आंबिलीवर ताव मारतात, ओळखीचा-अनोळखी जो दिसेल त्याला जेवायला बसवतात. त्या दिवशी गावात कुणी सापडलं तर तो आजारी तरी असतो नाहीतर चोर. आणि नेमका त्या दिवशी हा बहाद्दर माणसं मोजायला आला होता.

"पण कुणीतरी हे तपासलं असेल ना?" स्वरदानं फोनवर पान खाली सरकवलं. तळाशी एका कागदाचा फोटो होता. 'वरील माहिती बरोबर आहे,' आणि खाली सरपंचांची सही. सहीच्या शेजारी अंगठ्याएवढा पिवळा डाग.

"हळद," मुकुल म्हणाला. "भज्जीची."

हरिओमचा चेहरा उतरला. गावचे सरपंच आबासाहेब हे त्याचे सख्खे आजोबा होते.

आबासाहेब लिंबाखाली बाजेवर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"आलतं ते पोरगं रानात," ते म्हणाले. "भागवत का काय नाव हुतं. भुकेजलेलं हुतं. चार तांबे आंबील पिलं. मंग कागद पुढं केला, मी केली सही. येळवशीला कुणी कागद वाचत बसतं का?"

"मग आता त्यांना सांगा की चुकलं म्हणून," वैष्णवी म्हणाली. "येत्या मंगळवारी गाडी चालवणाऱ्या संस्थेच्या मॅडम येणार हाईत, ड्रायव्हर सांगून गेला."

"आन् समद्या गावापुढं म्हणू, की सरपंच न वाचता सह्या करतो? इज्जत राहील का माझी?" आबासाहेबांचा आवाज चढला. "मी बोलतो मॅडमसंगं, माझ्या पद्धतीनं. पुढच्या साली पुन्हा मोजणी हाय. तवा नाव लागंल."

"पुढच्या सालापर्यंत माझी सतरा इंजेक्शनं हाईत, आबा."

आबासाहेबांनी मान फिरवली. "लेकरांनी मोठ्यांच्या कामात तोंड घालू नये. जावा, खेळा."

वैष्णवीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. वडीलधाऱ्यांना उलटून बोलायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. पण खाटेवरचे ते अकरा दिवस आबासाहेबांनी काढले नव्हते, तिनं काढले होते. "मग आमीच मोजतो गाव," ती म्हणाली आणि वळली. हरिओम आजोबांकडे बघत दोन क्षण तिथंच घुटमळला, आणि तिच्यामागं गेला.

स्वरदाची आई पद्मजा परभणीच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. तिनं सुट्टीसाठी मुलांबरोबर आपला जुना लॅपटॉप दिला होता आणि त्यात नकाशे करायचं सॉफ्टवेअर होतं. स्वरदाला ते बऱ्यापैकी यायचं.

"हे बघा," तिनं समजावलं. "खाली गावाचा फोटो, उपग्रहातून काढलेला. त्यावर पारदर्शक कागद ठेवल्यासारखे थर टाकायचे. एका थरावर घरं. दुसऱ्यावर माणसं, वयाप्रमाणं वेगळे रंग. तिसऱ्यावर धंदे. प्रत्येक दाराशी उभं राहिलं की फोन दोन आकडे दाखवतो, ती त्या जागेची खूण. मुकुल ते वहीत उतरवेल, मी संध्याकाळी लॅपटॉपवर भरेन. आकडे बरोबर असले की ठिपका आपोआप आपल्या जागी जाऊन बसतो."

पहिल्या संध्याकाळी एकही ठिपका जागी बसला नाही. बोरतळ अगदी रिकामं दिसत होतं. स्वरदानं नकाशा लहान करत नेला, महाराष्ट्र दिसला, देश दिसला, आणि शेवटी पार वरती, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात, बारा ठिपके एका ठिकाणी दाटीनं सापडले.

"ही कमलबाईंची गिरणी," स्वरदा शांतपणे म्हणाली. "बर्फात."

"तिथं दळण कोण आणतंय?" हरिओमनं विचारलं. "अस्वलं?"

"आकडे उलटे लिहिलेस, मुकुल. अठरा-एकोणीसवाला आधी लिहायचा, शहात्तरवाला नंतर."

मुकुलचे कान लाल झाले. "मला वाटलं, मोठा आकडा पहिला लिहायचा."

बर्फातली बारा घरं परत गावात आणली आणि दुसऱ्या दिवशी काम जोरात सुरू झालं. दुपारपर्यंतच. मग आबासाहेबांचा निरोप फिरला, की लेकरांच्या नादी लागू नका, कुणी काही सांगू नका. दारं बंद होऊ लागली. एका काकूंनी तर 'घरी कुणी न्हाई' असं स्वतःच आतून ओरडून सांगितलं.

त्यातच देवळाच्या पायऱ्या चढताना वैष्णवीला धाप लागली. ती खांबाला टेकली. ओठ निळसर झाले होते.

"तू घरी जा," हरिओम म्हणाला. "आमी करतो."

"मला घरी पाठवायचं काम करू नको," वैष्णवी दम खात म्हणाली. तिला स्वतःच्याच छातीचा संताप आला होता. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं ओढणीनं पुसून टाकलं. "मला उन्हात हिंडता येत न्हाई ना? बरं. मग समदं गाव माझ्याकडं येईल अशा जागी बसते."

अशी जागा गावात एकच होती. कमलबाईंनी तिला गिरणीच्या उंबऱ्याशी पोतं अंथरून दिलं. भाकरी खाणाऱ्या प्रत्येक घराला चार दिवसांत एकदा तरी तिथं यावंच लागायचं.

"आधी घरची माणसं सांग, मंग दळण," कमलबाई प्रत्येकीला म्हणायच्या. "न्हाई सांगायचं? बरं. ठेव डबा तिकडं, सगळ्यांच्या शेवटी."

"अवो, पण आबासाहेब म्हणलेत की..."

"आबासाहेबाच्या घरचा डबा ह्यो बग, तुझ्या मागं रांगंत हाय."

खरंच होता. हरिओमची आई डबा घेऊन उभी होती. सासऱ्यांचा निरोप तिनंही ऐकला होता. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदर सावरला आणि वैष्णवीला म्हणाली, "आमची अकरा लिही. आबाला साठीच्या वरच्यात टाक, स्वतः पंचावन्न सांगतेत." रांगेत हसू पसरलं आणि मग कुणी मागं राहिलं नाही. वैष्णवी माणसं, वयं, आजार लिहायची आणि बाकीचे तिघं त्या त्या दाराशी उभे राहून फोनवर जागा घ्यायचे.

धंद्यांवरून मात्र चौघांत रोज भांडण व्हायचं.

"दत्ताच्या पारावर दाढी करणारा योगीराज, तो दुकानात धरायचा का?" हरिओमनं विचारलं. "त्याला दुकानच न्हाई. खुर्ची बी न्हाई. गिऱ्हाईक दगडावर बसतं."

"पोट त्यावर भरतं ना? मग धंदा," वैष्णवी म्हणाली. "बांगड्या विकणाऱ्या आजी, घरात शिलाई करणारी, पंक्चरवाला, मांडव भाड्यानं देणारा, सगळे लिही. शटर म्हणजेच दुकान असं कुणी सांगितलं?"

सोमवारी दुपारी शेवटचा ठिपका बसला. घरं शहाण्णव. माणसं चारशे एक्केचाळीस. साठीच्या वरची एकाहत्तर, पाच वर्षांखालची एकोणचाळीस. धंदे तेवीस. स्वरदानं सगळे थर एकदम चालू केले आणि रिकामं बोरतळ रंगांनी भरून गेलं. मुकुलनं हळूच सांगितलं की म्हशी एकशे बारा आहेत, त्यानं वेगळ्या मोजल्या होत्या.

मंगळवारी शाळेच्या मोठ्या वर्गात गाव जमलं. बाहेर दवाखान्याची गाडी उभी होती. संस्थेच्या शुभदा मॅडम पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांच्याबरोबर पाठीला पिशवी लावलेला एक तरुण होता. कमलबाईंनी लगेच वैष्णवीला कोपरानं ढोसलं, म्हणजे हाच तो भागवत.

"आमच्याकडे गाड्या दोन आणि गावं साठ," शुभदा मॅडम म्हणाल्या. "तीनशेच्या खाली लोकसंख्या असलेल्या गावाला गाडी देता येत नाही. यात कुणावर राग नाही, आकडेच तसे आहेत. भागवत, नकाशा दाखव."

भागवत शाळेच्या टीव्हीच्या वायरींशी झटापट करू लागला. ही वायर कुठं जाते, ती कुठं, त्याला काही कळेना.

"द्या, दादा," हरिओम अदबीनं पुढं झाला. "हा टीव्ही आमच्या वर्गाचा हाय. मला सवय हाय त्याची."

त्यानं वायर घेतली आणि सरळ स्वरदाच्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर बोरतळ उमटलं, घराघरानं, रंगारंगानं. वर्गात कुजबुज उठली. "ते बग आपलं घर, ते बग." मागच्या रांगेतली माणसं बोटं दाखवायला पुढं आली.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"हे बोरतळ," वैष्णवी उभी राहिली. "आमी चौघांनी मोजलं. तुमच्या नकाशात शहाण्णव घरं एकेचाळीस मिनिटांत मोजलीत. वेळा तुमच्याच नकाशात हाईत."

"मॅडम, लेकरांचा खेळ हाय हा," भागवत म्हणाला.

"दादा, तुमी कुठले?" वैष्णवीनं त्याला विचारलं.

"जिंतूरकडचा."

"तुमच्याकडं येळवस करतेत?"

भागवत घुटमळला. "न्हाई एवढी. मला ते माहीतच नव्हतं. रानात जेवायला बसलो तवा समजलं, पण तोवर समदे फॉर्म भरून झालते."

"म्हणजे समजलं होतं," शुभदा मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि तरी तू तेच फॉर्म पाठवलेस."

भागवतनं खाली पाहिलं. आबासाहेब पहिल्या रांगेत छताच्या पंख्याकडे बघत होते.

मॅडमनी चष्मा पुसला. "तू वैष्णवी ना? डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय मला तुझ्याबद्दल. हे बघ, नवा मार्ग वरून मंजूर झालाय, तो लगेच बदलता येणार नाही. लहान मुलांनी केलेल्या नकाशावर तर नाहीच. पण तुझी सोय मी आजच करते. दर तिसऱ्या मंगळवारी गाडी फाट्यावर तुझ्यासाठी थांबेल. इंजेक्शन एकही चुकणार नाही."

वैष्णवीचे वडील राम मागं उभे होते. त्यांनी तिथूनच हात जोडले. "लय उपकार झाले, मॅडम."

वैष्णवीला परभणीची ती खाट आठवली, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं ते आठवलं. तिला ते परत नको होतं. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. हो म्हटलं की संपलं होतं सगळं.

"नको," ती म्हणाली.

"वैष्णवी, हो म्हण," वडील कळवळून म्हणाले.

"न्हाई, बाबा. मला एकटीला गाडी मिळाली की ह्यांचा नकाशा खरा ठरला. आन् तो खोटा हाय." ती मॅडमकडे वळली. "लेकरांनी केलाय म्हणून भरवसा न्हाई ना? मग आमच्या नकाशावर कुठंबी बोट ठेवा. आमी तुमाला त्या दारात नेतो. एक माणूस कमी निघालं तर मी फाट्यावर येते."

शुभदा मॅडम उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि त्यांनी एका लाल चौकोनावर बोट ठेवलं. मग एका घरावर. मग गावाच्या टोकाच्या आणखी एका घरावर. "चला," त्या म्हणाल्या.

भर दुपारी सगळी वरात निघाली. लाल चौकोनाच्या जागी पारावर योगीराज एकाच्या गालाला साबण लावून बसला होता. गर्दी बघून गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठलं. पहिल्या घरात सात माणसं लिहिली होती. मॅडमनी स्वतः मोजली, सहा भरली. तेवढ्यात कणगीमागून मुकुलनं एक रांगतं पोर उचलून आणलं आणि सात पुरी झाली.

टोकाच्या घरात नकाशाप्रमाणं दोनच माणसं होती, दोघं साठीच्या वरची. पंडितबाबा आणि त्यांची बायको. बाबा उंबऱ्यात बसून सुपारीच्या अडकित्त्यानं काहीतरी कातरत होते.

"काय करायलाव, बाबा?" वैष्णवीनं विचारलं.

"गोळ्या आर्ध्या करायलोय, बाई. बीपीच्या. गाडी बंद व्हायलीय म्हणतेत ना. आर्धी आर्धी खाल्ली तर श्रावणापोतूर पुरतील."

शुभदा मॅडमनी तो अडकित्ता हळूच त्यांच्या हातून काढून घेतला. "कधीपासून अर्धी घेताय?"

"नकाशा लावला त्या दिवसापासून."

आबासाहेब गर्दीत मागं होते, ते पुढं आले. त्यांचा आणि पंडितबाबांचा लहानपणापासूनचा दोस्ताना होता. त्यांनी टोपी काढली आणि या वेळी परत घातली नाही.

"मॅडम, त्या कागदावर सही माझी हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "न वाचता केली. मंग समजलं तरी दडवली, माझी इज्जत जाईल म्हणून. लेकरांनी मोजायला घेतलं तर मीच आडवा आलो. त्या पोराची एकट्याची चूक न्हाई. जे लिहायचं ते माझ्या नावानं लिहा, पण गाडी बंद करू नका."

शुभदा मॅडमनी फोन लावला. "मी बोरतळहून बोलतेय," त्या म्हणाल्या. "नवा मार्ग थांबवा. आपला नकाशा चुकलाय. नाही, मी स्वतः दारोदार फिरून बघितलंय. मंजुरी ज्यांनी दिली त्यांना मी उत्तर देईन." फोन ठेवून त्या स्वरदाला म्हणाल्या, "तुमची ती फाईल मला हवी आहे. आमच्या माणसांनीसुद्धा वयाचे रंग इतके नीट लावले नव्हते."

परत शाळेपर्यंत येताना गाव मोठमोठ्यानं बोलत होतं. राम यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही. कमलबाई प्रत्येकाला सांगत होत्या की सगळा हिशेब त्यांच्या उंबऱ्यावर झाला. आबासाहेबांनी शाळेच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं, "पोरांनो, तुमी आमाला शहाणं केलं. आत्ताच्या आत्ता शाल-नारळ आणा रे, चौघांचा सत्कार करायचा हाय."

"आबा, थांबा," वैष्णवी म्हणाली. ती भागवतकडे बघत होती. तो एकटाच गाडीपाशी उभा होता. "दादा, त्या येळवशीला तुमी अजून कुठली गावं मोजली?"

भागवतनं वर न बघताच सांगितलं, "अजून तीन."

सगळे शेजारच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. बोरतळच्या आसपास आणखी तीन मोहरीएवढे ठिपके होते. इतके दिवस चौघांपैकी एकालाही ते दिसले नव्हते, कारण प्रत्येकजण आपलाच ठिपका बघत होता. निळी रेघ त्यांच्याही अंगावरून निघून गेली होती.

"ती गावं आम्ही परत मोजू," शुभदा मॅडम म्हणाल्या.

"कधी?"

"मी अर्ज पाठवते. महिना-दीड महिना लागेल."

"मग आमीच जातो," वैष्णवी म्हणाली. "तिथं बी कुणीतरी गोळ्या आर्ध्या करत असंल."

मॅडम रागावतील असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी गाडीचं दार उघडलं. "मीही येते. भागवत, तू वही धर, आणि ही मुलं सांगतील तसं लिही."

सत्काराचा नारळ एव्हाना आला होता, तो आबासाहेबांनी मुकुलकडे दिला. "त्या गावांच्या सरपंचांशी मी बोलतो," ते म्हणाले. "कागद न वाचता सही करणाऱ्याला काय सांगायचं, ते मला बरोबर ठाऊक हाय." आणि ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलेसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी आतून हाक मारली. आज वैष्णवीच्या इंजेक्शनचा दिवस होता. ते इंजेक्शन भयंकर दुखतं, मोठी माणसंसुद्धा ओरडतात. ती आत जाऊन पालथी झोपली आणि तिनं दात आवळले.

"भीती वाटतेय का?" बाईंनी विचारलं.

"वाटतेय," वैष्णवी म्हणाली. "पण लवकर टोचा, ताई. बाहेर सगळे थांबलेत, पुढच्या गावाला जायचंय."